टीव्हीवर मोठ्या अक्षरात

आधी नावं सांगतो, काय घडलं ते मागनं. रहिमतपूरच्या सुभेदार नानांनी आणि हौसामावशीनं मला त्यांचा टीव्ही दिला. उचलून घरी न्यायला नव्हे, वापरायला. संक्रांतीपासून शिमगा होईपर्यंत, रोज दुपारी दोन ते पाच. त्या टीव्हीला मी माझा बिनतोंडाचा कॉम्प्युटर जोडला आणि त्याच्यावर टायपिंग शिकलो. आज घरापासून इतक्या लांब खुर्चीवर बसून दोन घास खातोय, ते त्या दुपारींच्या जोरावर. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझा धीर सुटेल आणि आभार मानायचे राहून जातील. एकदा ते तसे राहिलेच आहेत.

त्याच टीव्हीवर, नानांच्या पायाशी बसून, मी नानांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. चांगल्या नव्हत्या. नाना तेव्हा झोपलेले होते, असं मी या वर्षापर्यंत धरून चाललो होतो.

इथं ईरोडला हळदीचा सीझन सुरू झालाय. पहाटेपासून गाड्या लागतात, पोती उतरतात, आणि दहा वाजेपर्यंत अंगणातली धूळ पिवळी होऊन जाते. मला तमिळ अजून नीट येत नाही. बोलायला गेलो की हमाल हसतात आणि मग त्यांच्या हिंदीची दया माझ्यावर करतात. पण वास कळतो. हळकुंड मोडलं की येणारा तो कडू, मातकट, जरासा औषधी वास इथंही तोच आहे. तो आला की डोळ्यांपुढं रहिमतपूरच्या शिवारातल्या हळद शिजवायच्या कायली येतात, वर गोणपाट टाकलेल्या, बाजूंनी वाफ सोडणाऱ्या. कडेला उपटून टाकलेला सुकलेला पाला. वाफेत तोंड घालून हळकुंडात काडी खुपसून बघणारा कोणीतरी, आणि "आजून कच्ची हाय, दे जाळ" असं त्याचं ओरडणं.

आमचे शेठ सांगलीचे. वखारीत माझं काम म्हणजे आलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा: कुणाचा, कुठला, किती वजनाचा. कीबोर्डची बटणं पिवळी पडलीत. मी प्रत्येक नोंद तीनदा बघतो. शेठ म्हणतात, "दत्ता, एकदा बघितलं की बास रं." मला बास होत नाही. माझी खुर्चीही मी भिंतीला चिकटवून ठेवलीय, पाठीमागं माणूस उभा राहील एवढीसुद्धा जागा ठेवलेली नाही. शेठ विचारतात, तर सांगतो, पंख्याचं वारं लागतं तिथं. खरं कारण पंखा नाही. मी लिहितो ते मागून कुणी वाचेल, ही भीती आहे. स्क्रीनवरचं अक्षरही मी इतकं बारीक ठेवतो की माझं मलाच वाकून बघावं लागतं.

एके काळी माझं अक्षर दाराबाहेरनं वाचता यायचं.

शाळा मी नववीत सोडली. गणितात दोनदा आपटलो आणि तिसऱ्यांदा दप्तर काढलंच नाही, माळ्यावर टाकलं ते टाकलं. पुढं चार-पाच वर्षं गावातल्या दूध डेअरीत कॅन उचलले. आमचं गाव रहिमतपूरपासून तीन मैल. शाळा अर्धी सोडलेल्यालाही टायपिंगच्या परीक्षेला बसता येतं, असं कुणीतरी सांगितलं आणि माझ्या डोक्यात ते घुसलं. रहिमतपुरात टायपिंगचा क्लास होता, पण तिथं दिवसाला एकच तास मिळायचा. आणि माझी बोटं कॅनच्या कड्या धरून धरून जाड झालेली. क दाबायला गेलो की ह सुद्धा दबायचा. घरी सराव हवा होता. त्याच सुमारास डेअरीनं जुना कॉम्प्युटर काढून टाकला. त्याचा डबा आणि कीबोर्ड मला मिळाला. मॉनिटर जळलेला होता. म्हणजे धड होतं, मुंडकं नव्हतं.

हौसामावशी माझ्या आईच्या माहेरची. सख्खी मावशी नव्हे, पण एका आडाचं पाणी प्यालेल्या दोघी, म्हणून मावशी. तिचे मालक म्हणजे सुभेदार नाना. फौजेत वायरलेसवर होते. पेन्शनीत आल्यावर चार वर्षांतच त्यांच्या अंगावरनं वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. मुलगाही फौजेतच, कायम लांब. त्यानं बापाची करमणूक व्हावी म्हणून बत्तीस इंची टीव्ही पाठवलेला. नानांची लोखंडी खाट सोप्यातल्या खोलीत, आणि खाटेच्या पायाशी भिंतीवर तो टीव्ही. दुपारी कुस्त्या, भजनं, बातम्या. संध्याकाळी सात ते नऊ मावशीच्या मालिका. माणूस खोलीबाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून बाहेरचं सगळं तिथं आत यायचं.

मी एकदा दूध द्यायला गेलो होतो तेव्हा बोलता बोलता मुंडक्याची गोष्ट निघाली. नाना पडल्या पडल्या म्हणाले, "मग हितं हाय की तोंड."

"कुठं?"

"ह्यो काय समोर. ह्येला जोड."

"नाना, त्यो टीव्ही हाय."

"मग? टीव्हीच्या मागं तसलं भोक असतंय. पोरानं लावताना मी बघितलंय. निळं. फौजेत आमी काय काय कशाला जोडलंय, तुला ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या कॅरेजला डबा बांधून आणला. कोरेगावातनं निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली वायर आणली. टीव्हीच्या मागं हात घालून चाचपडत ती बसवली. टीव्हीवर अक्षरं आली, सिग्नल नाही. रिमोटवर नानांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं एक बटण शोधून दाबलं, पुन्हा दाबलं, आणि टीव्हीत एकदम निळं आभाळ उगवलं. पण चित्र उजवीकडं सरकलेलं आणि खालची पट्टी टीव्हीच्या बाहेर गेलेली.

मावशी पदराला हात पुसत दारात उभी. "आवाज कुठाय?"

"आवाज येत न्हाई ह्या वायरीतनं, मावशी."

"म्हंजे मुका झाला की ओ तुमचा टीव्ही," ती नानांना म्हणाली.

"बरं झालं. घरात एक तरी मुकं पायजे हुतं."

"माझ्या मालिकेला बोलाय लागंल ना ह्यो?"

"सातला बोलंल. दोन ते पाच ह्येचा, सात ते नऊ तुझा. माझं काय न्हाई."

माझं काय न्हाई, हे ते हसत म्हणाले होते. मी ते ऐकलं आणि खाली बसून कीबोर्ड मांडीवर घेतला. कुणाच्या दुपारी मी घेतोय, हा विचार त्या दिवशी माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. खालची पट्टी तेवढी कशी वर आणायची, त्याच काळजीत होतो. दोन दिवसांनी टीव्हीच्या मेनूत ती गोष्ट नानांनाच सापडली.

आता आठवतं ते असं तुकड्यातुकड्यांनी. खिडकी उन्हासाठी बंद, फटीतनं आत आलेली उजेडाची एक पट्टी, त्या पट्टीत तरंगणारी धूळ. शेजारच्या वस्तीवर कायल पेटलेली असायची, तिचा वास. खाली शेणानं सारवलेली गार जमीन, आणि समोर एवढा मोठा पांढरा कागद की खोलीभर चांदणं पडल्यागत व्हायचं. नाना पहिल्यांदा म्हणाले, "मला दिसंना रं. मुंग्या पळाल्यागत दिसतंय. मोठं कर." मी केलं. "आजून." आणखी केलं. शेवटी एका ओळीत पाच-सहा शब्द मावतील एवढं अक्षर झालं तेव्हा म्हणाले, "आता बरोबर. आता दोघं मिळून वाचू."

तेव्हापासून माझा कागद नानांच्या मापाचा झाला. क्लासच्या पुस्तकातले उतारे मी टाईप करायचो आणि ते खाटेवरनं वाचायचे. चुकलो की खोकायचे. पुढं पुढं बघायचंही सोडून दिलं, नुसते ऐकायचे. डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडावर टक टक वाजवून ठेका धरायचे आणि मी त्या ठेक्यावर बोटं टाकायचो. माझं बोट अडखळलं की ठेका थांबायचा. ते म्हणायचे, "बोटाकडं बघू नगंस. कानानं बघ. चुकलं तर चुकलं, फुडचं पाठव. वायरलेसवर पाठवलेलं परत बोलवता येत न्हाई."

एक दुपार माझ्या ओठांवर अजून हसू आणते. भारताची मॅच होती. गल्लीतली तीन माणसं, त्यांच्याकडं लाईट गेली होती का कुणास ठाऊक, चपला काढून थेट आत आली. बघतात तर टीव्हीवर 'पाण्याचे महत्त्व' नावाचा उतारा.

"आवं सुभेदार, मॅच सोडून ह्ये काय बघताय?"

"मॅचच हाय."

"कोण खेळतंय?"

"ह्यो खेळतोय आन् अक्षरं बॉलिंग टाकत्यात. आत्ताच 'र्‍ह'नं दांडी उडवली ह्येची."

ती माणसं हसली, पण हलेनात. मी घाबरून वायर काढायला उठलो. परक्या घरात, दुसऱ्याच्या टीव्हीवर, आणि मॅच! नानांनी नुसता हात वर केला. "बस खाली. तुझी परीक्षा म्हैन्यावर आलीया, त्यांची काय उद्या हाय?" आणि त्यांना म्हणाले, "बसायचं तर बसा गड्यांनो. न्हाईतर पाराकडं जावा, तिकडं आवाजासकट दिसंल." ते गेले. जाताना एकजण म्हणाला, "सुभेदारानं येडंच पाळलंय घरात." नानांना कुस्तीसारखीच मॅचही लय आवडायची, हे मावशीनं मला पाच वाजता सांगितलं. चहा देताना. सहजच.

एकदा त्यांनी माझ्याकडं काही मागितलं. एकदाच.

"दत्त्या, माझं थोडं लिवून घेशील का रं? माझा हात तर गेला. नातवंडास्नी फौजेतलं सांगायचं म्हणतोय. पोरगा कवा सुट्टीला येतोय, कवा जातोय, बोलणंच हुईत न्हाई."

मी नवी फाईल काढली. नानांनी घसा खाकरला आणि डोळे मिटले. मग बोलले ते एकदम पुस्तकी बोलले, जणू वर पाठवायचा निरोप असावा: "मी गाव सोडलं तेव्हा हळद शिजत होती."

मी ती ओळ टाईप केली. टीव्हीवर ती दोन ओळींत मावली. नाना ती पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला उताऱ्याची घाई होती, क्लासच्या सरांनी स्पीड कमी आहे म्हणून सकाळीच झापलेलं. मी म्हणालो, "नाना, पुढचं परीक्षा झाल्यावर घेऊ?"

"व्हय व्हय. आधी तुझं."

फाईल जपून ठेवली. एका ओळीची.

आता ते चार ओळींचं. संत्या माझा आतेभाऊ, उंब्रजचा. सांगलीत हळदीच्या वखारीत लागला होता आणि मलाही तिथं ओढायचं बघत होता. त्याचा रोज मेसेज यायचा. "टायपिंग टायपिंग करतोस, खरंच येतंय का नुसत्या थापा? दाखव की लिहून." माझ्या डब्याला इंटरनेट नव्हतं. मग ठरवलं, टीव्हीवर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि मोबाईलनं टीव्हीचाच फोटो काढून पाठवायचा. आम्ही सगळे तेव्हा तसंच करायचो.

त्या दिवशी मी कावलेला होतो. उन्हं तापायला लागली होती. नानांना सकाळपासून बरं नव्हतं, मावशी दोनदा चादर बदलून गेली होती, आणि बंद खोलीत ते सगळं दाटून राहिलं होतं. मी विशीचा. दुसऱ्याच्या आजारपणाची मला किळस यायची आणि किळस येते याची लाजही वाटायची. त्या लाजेचा मग राग व्हायचा. नानांचे डोळे मिटलेले होते, चष्मा खिडकीत ठेवलेला होता. मावशी ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली. मी लिहिलं:

'संत्या, बघ, हे मी टाईप केलंय. पण इथं जीव घुसमटतो. म्हातारा दिवसभर टक लावून बघत असतो. खोलीला औषधाचा आणि लघवीचा वास मारतो, घरी गेलं तरी नाकातून जात नाही. पास झालो की सुटलो या खोलीतून.'

एक आठवण मला आजही पटकन पुसून टाकावीशी वाटते. हे लिहिताना माझी बोटं पहिल्यांदा न अडखळता पळाली. एकसुद्धा चूक झाली नाही. उतारा बघून उतरवत नव्हतो ना, पोटातलं लिहीत होतो. उभा राहिलो, फोटो काढला, पाठवला, पान पुसलं. संत्याचं उत्तर आलं, "लय भारी."

दुसऱ्या दिवशी गेलो तर खोलीत खाट नव्हती. जमीन फिनेलनं पुसलेली आणि कोपऱ्यात उदबत्ती लावलेली. नानांची खाट मागच्या पडवीत हलवलेली.

"असं का, मावशी?"

"त्येस्नी म्हणं टीव्हीच्या उजेडाचा तरास हुतोय डोळ्याला. सकाळधरनं माझ्या मागं लागलं, हलीव म्हणून. शेजारचं दोघं बोलवून खाट उचलली. तुला बी मोकळं बसाय मिळंल, म्हणलं."

"आणि उदबत्ती?"

"ती बी त्येंनीच सांगितली लावायला."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सुटल्यासारखं वाटलं. खिडकी उघडली, पाय पसरून बसलो. पडवीतनं नानांचा आवाज आला, "दत्त्या, काल तुझा हात लय पळत हुता रं. तसाच ठिव."

मी समजलो, अर्धवट झोपेत कानांवर पडलं असेल. खूश होऊन म्हणालो, "व्हय नाना!"

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी त्या खोलीत एकटा बसलो. पडवीतनं मधनंच लोखंडावर टक टक ऐकू यायची. भिंतीपलीकडनं ठेका चालू असायचा. अक्षर मात्र मी बारीक केलं, आता कुणाला वाचायचं नव्हतं. पडवीतनं काय दिसतं, हे मी एकदाही तिथं जाऊन बघितलं नाही. पुढं बघितलं. न्हाणीची भिंत आणि एक तुळस दिसते.

परीक्षा साताऱ्याला झाली. पास झालो. कंदी पेढे घेऊन गेलो, मावशीनं देवापुढं ठेवले, मग एक पेढा नानांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला नाही, धरून ठेवला. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "पास झालास. लय झ्याक झालं. आता सुटलास बाबा ह्या खोलीतनं."

मी पाया पडलो. दोन दिवसांनी पॅसेंजरनं सांगलीला गेलो. डबा आमच्या घरी नेला, खाटेखाली ठेवला. वायर टीव्हीलाच राहिली. सांगलीच्या वखारीत वर्षभर, मग शेठनी इकडं पाठवलं. एका ओळीची ती फाईल डब्यात तशीच.

हा सगळा आनंदाचा हिशोब या महिन्यात मोडला. मोबाईल भरला म्हणून जुने फोटो पुसत बसलो होतो, जेवणाच्या सुट्टीत, पोत्यावर. एका फोनातनं दुसऱ्या फोनात आपोआप आलेले शेकडो फोटो. त्यात तो सापडला. मोठ्या अक्षरातल्या चार ओळी. वाचून तोंड कडू झालं, पुसायला बोट ठेवलं, आणि तेवढ्यात पानाच्या बाजूच्या काळ्या भागात काहीतरी दिसलं. टीव्हीची काच ती, समोरचं धरतेच. मी फोटो मोठा केला. उजेडाची एक उभी रेघ, ती खिडकीची फट. आडव्या दांड्या, त्या खाटेच्या. आणि दांड्यांच्या वर, शेजारी शेजारी, दोन छोटे पांढरे चौकोन.

चष्मा होता. नाना चष्मा घालून होते, आणि त्यांच्या दोन्ही काचांत माझं पान उजळलेलं होतं.

मी कितीतरी वेळ तो फोटो मोठा-लहान करत बसलो. डोळे चुकत असतील, काहीतरी दुसरंच चमकत असेल, अशी स्वतःची समजूत घालून बघितली. पण खाटेवर दुसरं काय चमकणार? डाव्या हातानं मागं चाचपडत खिडकीतला चष्मा घ्यायचा, त्याची एक काडी दातात धरून उघडायची आणि तो नाकावर चढवायचा, याला नानांना किती वेळ लागायचा, हे मी रोज बघितलंय. म्हणजे त्यांनी तो मुद्दाम, कष्टानं घातला. का घातला असेल, तेही मला आता कळतं, आणि हेच मला झोपू देत नाही. झोपेतनं जाग आली असेल. कानांवर माझी बोटं पडली असतील, कधी नव्हे ती पळणारी. म्हातारा खूश झाला असेल. पोरगा काय लिहितोय एवढं भराभर, बघू तरी, म्हणून त्यानं चष्मा शोधला असेल.

आणि अक्षर त्यांच्याच मापाचं होतं.

मग सगळं उलगडत गेलं. उदबत्ती, फिनेल, न्हाणीची भिंत. 'सुटलास' हा माझाच शब्द, माझ्याच टायपिंगमधला, त्यांनी पेढ्याबरोबर मला परत दिला होता. मी तो आशीर्वाद म्हणून घेतला. आणि पडवीतनं आलेली ती शाबासकी. पोरानं आपल्याला काय म्हटलं ते वाचूनसुद्धा हात पळत होता एवढंच त्यांनी मला सांगितलं. एवढं मोठं मन माझ्यात नाही. येईल असंही वाटत नाही.

परवा मावशीला फोन लावला.

"कवाच्या काळानं आठवण झाली रं! जेवतोस का वेळंवर? तिकडं निस्ता भात खात्यात म्हणं."

"जेवतो. नाना काय करतात?"

"पडल्यात. परत सोप्यात आणलंय, पडवीत पावसाचं पाणी यायचं. टीव्ही लागतोय, पर नजर लय कमी झाली, निस्तं ऐकत्यात."

"मावशी, ती निळी वायर हाय का गं?"

"लोंबतीया की टीव्हीच्या मागं. दिवाळीला जळमटं काढताना म्हणलं काढून टाकावी, तर केवढ्यानं वराडलं माझ्यावर. ऱ्हाऊ दे म्हणं, दत्त्या आला तर लागंल त्येला."

मग तिनं फोन नानांच्या कानाला लावला. आवाज जड झालाय. पहिला प्रश्न, "स्पीड किती झाला?" मी सांगितला. "झ्याक. हळद आली का तिकडं?" म्हटलं, आली. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला म्हणायचं होतं, नाना, मी तो फोटो बघितला. पण मावशी शेजारी होती. आणि दुसरी एक भीती वाटली: माफी मागायची तर ते शब्द त्यांच्यासमोर पुन्हा मांडावे लागणार. त्यांनी एवढी वर्षं झाकून ठेवलेलं मी उघडायचं, ते नक्की कुणाच्या सुखासाठी? त्यांच्या की माझ्या? मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठवलेलं परत बोलवता येत नाही, हे त्यांनीच शिकवलं. पण 'फुडचं पाठव' हेही त्यांचंच.

इथला सीझन पाडव्याच्या सुमारास ओसरेल. शेठना आताच सांगून ठेवलंय, मला पंधरा दिवस हवेत. शेठ म्हणाले, "घरी लग्न हाय का?" म्हटलं, नाही, लिहायचं राहिलंय एकाचं. त्यांना कळलं नाही.

नाना, हे लिहिलेलं मी शेठना देणार आहे, त्यांनी गावाकडच्या पेपरला पाठवलं आणि छापून आलं तर मावशी वाचून दाखवेल की नाही, माहीत नाही. तरी तुम्हाला शब्द देतो. डबा सायकलवर बांधून येईन. वायर आहेच. खाट होती तिथंच राहू द्या, उदबत्ती लावायची नाही, खिडकीही बंदच असू द्या, म्हणजे पान नीट दिसेल. मी खाली जमिनीवर बसेन, तुमच्याकडं पाठ करून, भिंतीला न चिकटता. अक्षर एवढं मोठं करीन की एका ओळीत दोनच शब्द मावले तरी चालतील. तुमचं सगळं लिहून होईपर्यंत उठणार नाही, दोन ते पाच नाही, तुम्ही म्हणाल तितका वेळ. पहिली ओळ तयार आहे, मी गाव सोडलं तेव्हा हळद शिजत होती.

चष्मा घालून ठेवा, नाना. दुसरी ओळ सांगा.